ड्रुपल: विजेटमध्ये भरलेली माहिती सेव्ह होत नाही

ड्रुपलवर (वेबसाइटचा मजकूर सांभाळणारी प्रणाली) तक्रार साधारण अशी येते. एडिटरने फॉर्म भरला, सेव्ह दाबलं, हिरव्या पट्टीत सगळं नीट झाल्याचा संदेशही आला. परत एडिट उघडलं तर बाकी सगळं जागच्या जागी, आणि एकच फील्ड कोरं. एरर नाही, लॉगमध्ये नोंद नाही. मग कॅश साफ होते, फॉर्म ऑल्टरमध्ये (तयार फॉर्म बदलणाऱ्या कोडमध्ये) दोन ओळींचं ठिगळ लागतं, काही दिवस बरे जातात, आणि दुसऱ्या कंटेंट टाइपवर तेच दुखणं पुन्हा डोकं वर काढतं.

ते परत येतं, कारण ठिगळ लक्षणावर लागलेलं असतं. व्हॅल्यू डेटाबेसमधून फॉर्मवर येते आणि फॉर्मवरून परत डेटाबेसमध्ये जाते ती ठरलेल्या वाटेने. त्या वाटेवर ती कुठल्या टप्प्यापर्यंत शाबूत होती हे पाहिलं नाही, तर केलेली दुरुस्ती अंदाजपंचेच असते. खालचं सगळं ड्रुपल ८ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांसाठी आहे. ७ मध्ये विजेट (फॉर्मवर फील्ड भरायला दिसणारा भाग) म्हणजे हुक फंक्शन्सचा, म्हणजे ड्रुपल ठरलेल्या नावाने हाक मारतो अशा फंक्शन्सचा, संच होता, रचनाच वेगळी, आणि त्याचा अधिकृत आधारही ५ जानेवारी २०२५ ला संपला.

उदाहरणासाठी आपण स्वतः लिहिलेलं एकच फील्ड धरू: ‘माप’. त्याला दोन कॉलम आहेत, ‘संख्या’ आणि ‘एकक’. विजेटमध्ये आकड्याचा एक रकाना आणि एककाचा एक ड्रॉपडाउन. एवढ्या छोट्या फील्डमध्येही पुढचे बहुतेक घोळ होऊ शकतात.

आधी टेबल उघडा

कोडला हात लावण्याआधी डेटाबेसमध्ये ‘नोड__फील्ड_माप’ हे टेबल बघा (मध्ये दोन अंडरस्कोर). त्या नोडची (मजकुराच्या त्या पानाची) ओळ तिथे आहे का?

ओळ आहे, फॉर्मवरही दिसते, पण पानावर दिसत नाही: मग विजेट निर्दोष आहे. ‘मॅनेज डिस्प्ले’ आणि फॉर्मॅटर (फील्ड पानावर दाखवणारा भाग) तपासा, हे पोस्ट तुमच्यासाठी नाही.

ओळ आहे पण एडिट फॉर्म कोरा: जाताना सगळं नीट, येताना घोळ. ‘फॉर्मएलिमेंट’ मेथडमध्ये #डिफॉल्ट_व्हॅल्यू द्यायची राहिली आहे, किंवा चुकीच्या प्रॉपर्टीवरून दिली आहे. कॉलमचं नाव ‘संख्या’ आणि कोडमध्ये सवयीने आयटमच्या (फील्डमधल्या एका नोंदीच्या) ‘व्हॅल्यू’ प्रॉपर्टीवरून वाचलेलं, हे फार वेळा दिसतं. कोअरच्या (ड्रुपलच्या मूळ कोडच्या) बहुतेक साध्या फील्डांत ती प्रॉपर्टी ‘व्हॅल्यू’च असते, त्यामुळे बोटं आपोआप तेच टाइप करतात. इथे सावध राहा, कारण यात एक गुप्त नुकसान आहे: एडिटरने दुसरंच काहीतरी सुधारायला तो फॉर्म उघडला आणि सेव्ह केला, की कोरा रकाना कोराच जाऊन बसतो आणि आधीची चांगली व्हॅल्यू पुसली जाते.

ओळच नाही: मग पुढे वाचा.

एक अपवाद लक्षात असू द्या. कंटेंट मॉडरेशन चालू असेल आणि प्रकाशित मजकुरावर नवा मसुदा सेव्ह केला असेल, तर तो मसुदा फक्त रिव्हिजनच्या टेबलात असतो, म्हणजे ‘नोड_रिव्हिजन__फील्ड_माप’मध्ये. मुख्य टेबलात जुनीच ओळ दिसते आणि माणूस उगाच विजेटच्या मागे लागतो.

व्हॅल्यूची परतीची वाट

सेव्ह दाबल्यावर ब्राउझर जे पाठवतो ते आधी ‘यूजर इनपुट’ म्हणून येतं, कच्चं. फॉर्म बिल्डर प्रत्येक एलिमेंटपाशी जाऊन त्यातली आपापली व्हॅल्यू उचलतो आणि फॉर्म स्टेटच्या ‘व्हॅल्यूज’मध्ये ठेवतो. मग विजेटबेसची ‘एक्स्ट्रॅक्टफॉर्मव्हॅल्यूज’ मेथड फील्डच्या नावाखालचा सगळा ॲरे काढते, वेटप्रमाणे (ओळीची जागा ठरवणाऱ्या आकड्याप्रमाणे) क्रम लावते, तुमच्या ‘मसाजफॉर्मव्हॅल्यूज’ला देते, तिथून जे परत येईल ते आयटम लिस्टमध्ये भरते, आणि लगेच ‘फिल्टरएम्प्टीआयटम्स’ चालवते. ही शेवटची पायरी बऱ्याच जणांना माहीतच नसते. रिकामा वाटलेला आयटम ती चुपचाप काढून टाकते. त्यानंतर जे उरेल ते टेबलात.

तपासायला दोनच जागा पुरतात: मसाजफॉर्मव्हॅल्यूजच्या पहिल्या ओळीवर ब्रेकपॉइंट, आणि फिल्टरएम्प्टीआयटम्सच्या आधी-नंतर एकेक. एक्सडीबग (पीएचपीचा डीबगर) नसेल तर तिथे लॉगरने ॲरे छापा. मसाजमध्ये पोहोचतानाच ॲरे बिघडलेला असेल तर दोष फॉर्मच्या रचनेत. मसाजनंतर चांगला आणि फिल्टरनंतर गायब असेल तर दोष फील्ड टाइपमध्ये (फील्ड काय आणि कसं साठवतं ते ठरवणाऱ्या वर्गात). मसाजपर्यंत व्हॅल्यूच पोहोचली नसेल तर एलिमेंटची प्रॉपर्टी, जावास्क्रिप्ट किंवा सर्व्हर.

लॉग छापताना तोच ॲरे दोनदा दिसला तर दचकू नका. कंटेंट एंटिटीचा (नोडसारख्या साठवलेल्या वस्तूचा) फॉर्म व्हॅलिडेशनच्या वेळी एकदा एंटिटी बांधतो आणि सबमिटच्या वेळी पुन्हा, त्यामुळे मसाजफॉर्मव्हॅल्यूज एका सेव्हमध्ये एकापेक्षा जास्त वेळा चालते. म्हणूनच तिच्यात फाइल तयार करणं, बाहेरच्या सेवेला कॉल करणं, दुसऱ्या टेबलात नोंद टाकणं असलं काही करू नये. दुहेरी नोंदींच्या तक्रारी इथूनच निघतात.

सगळ्यात जास्त आढळणारं कारण: मध्ये घातलेला कंटेनर

‘माप’चं विजेट पहिल्या दिवशी चालतं. मग कोणीतरी म्हणतं, दोन रकाने एका चौकटीत छान दिसतील. डेव्हलपर फॉर्मएलिमेंटमध्ये ‘चौकट’ नावाचा एक डिटेल्स किंवा फील्डसेट बनवतो आणि संख्या, एकक हे दोन्ही त्याच्या पोटात हलवतो. फॉर्म सुरेख दिसतो. त्या दिवसापासून सेव्ह बंद.

मसाजफॉर्मव्हॅल्यूजमध्ये थांबून पाहिलं तर आधीचा आणि आताचा फरक असा दिसतो:

आधी: माप → ० → संख्या = १२, एकक = मीटर
आता: माप → ० → चौकट → संख्या = १२, एकक = मीटर

विजेटबेस फील्डच्या वरच्या कंटेनरवर #ट्री ट्रू करून ठेवतो आणि ही प्रॉपर्टी आत उतरत जाते. त्यामुळे फॉर्ममध्ये तुम्ही जितक्या पातळ्या घालाल तितक्या पातळ्या व्हॅल्यूजमध्येही येतात. आयटमला ‘चौकट’ नावाची प्रॉपर्टीच माहीत नाही. पण तो तक्रार करत नाही. टेबलात लिहिणारा कोड स्कीमातले कॉलम एकेक घेऊन आयटमला त्यांच्या व्हॅल्यू विचारतो, अनोळखी की कोणी बघतच नाही. मुळात तिथवर वेळच येत नाही: संख्या आणि एकक दोन्ही नल, म्हणजे आयटम रिकामा, म्हणजे फिल्टरने बाहेर. एरर का येत नाही, याचं उत्तर हे. ड्रुपलच्या दृष्टीने एडिटरने फील्ड कोरंच सोडलं होतं.

उपाय तीन आहेत, आणि माझी पसंती पहिल्याला. नवा कंटेनर पोटात घालूच नका. फॉर्मएलिमेंटला मिळालेल्या एलिमेंटलाच #टाइप ‘डिटेल्स’ किंवा ‘फील्डसेट’ द्या आणि संख्या, एकक थेट त्याच्या खाली राहू द्या. कोअरचं पाथ विजेट उजवीकडच्या पट्टीतल्या ‘यूआरएल एलियस’साठी हेच करतं: एलिमेंट स्वतःच डिटेल्स बनतो आणि #ग्रुप वापरून ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये जाऊन बसतो. #ग्रुपने एलिमेंट दिसण्याची जागा बदलते, व्हॅल्यूचा पत्ता बदलत नाही.

दोन पातळ्यांची रचना खरोखर हवीच असेल तर मसाजफॉर्मव्हॅल्यूजमध्ये प्रत्येक डेल्टासाठी (फील्डातल्या ओळीच्या ०, १, २ अशा क्रमांकासाठी) ‘चौकट’मधलं वर आणा. हे करताना प्रत्येक ओळीतली वेटसारखी इतर माहिती उडवू नका. आतलं वर मिसळा आणि मग ‘चौकट’ ही की काढा. आणि ‘एररएलिमेंट’ मेथडही ओव्हरराइड करा, नाहीतर चूक संख्येत आणि लाल कड सगळ्या चौकटीला, असं होतं.

तिसरा मार्ग म्हणजे #पेरेंट्स हाताने लिहिणं. चालतो, पण पॅरेग्राफ्ससारख्या मॉड्यूलमध्ये तेच फील्ड दुसऱ्या फॉर्मच्या पोटात गेलं की पत्ता लांबतो. तुम्ही हाताने लिहिलेला पत्ता तिथे चुकतो, आणि दोन पॅरेग्राफची मापं एकमेकांवर चढतात. हा मार्ग घ्यायचाच असेल तर एलिमेंटबरोबर येणाऱ्या #फील्ड_पेरेंट्सपासून पत्ता बांधा.

कंटेनर नसतानाही हाच दोष एका साध्या गोष्टीने येतो: पोटातल्या एलिमेंटची की आणि फील्ड टाइपमधल्या प्रॉपर्टीचं नाव जुळत नाही. एकीकडे ‘एकक’, दुसरीकडे ‘युनिट’. संख्या सेव्ह होते, एकक होत नाही, आणि डोळ्यांना दोन्ही कोड निर्दोष वाटतात.

शून्य भरलं की गायब, किंवा दर सेव्हला नवी कोरी ओळ

या दोन अगदी उलट्या तक्रारी, मूळ एकच: फील्ड टाइपमधली ‘इझएम्प्टी’ मेथड.

पीएचपीमध्ये एम्प्टी() ला ० ही रिकामंच वाटतं, आणि ‘०’ ही स्ट्रिंगही. इझएम्प्टीमध्ये संख्येवर नुसतं एम्प्टी() लावलं की १२ सेव्ह होतं, ० होत नाही. चाचणी करताना कोणी शून्य भरून बघत नाही, त्यामुळे हा दोष महिनोन् महिने तसाच राहतो आणि ‘कधीकधी सेव्ह होत नाही’ अशा तक्रारीच्या रूपात येतो. ‘कधीकधी’ हा शब्द दिसला की मी आधी शून्य भरून पाहतो. कोअरच्या संख्या फील्डांनी हे कसं सांभाळलंय ते बघण्यासारखं आहे: व्हॅल्यू एम्प्टी असेल आणि तिचं स्ट्रिंग रूप ‘०’ नसेल, तरच आयटम रिकामा धरतात.

उलट, इझएम्प्टी लिहिलीच नाही तर मूळ वर्गातली चालते, आणि ती फक्त नल तपासते. टेक्स्टचा कोरा रकाना मात्र नल पाठवत नाही, कोरी स्ट्रिंग पाठवतो. म्हणजे आयटम ‘भरलेला’ ठरतो. फील्ड अमर्याद व्हॅल्यूंचं असेल तर फॉर्मच्या शेवटी एक कोरी ओळ नेहमीच असते. ती सेव्ह होते, पुढच्या वेळी तिच्याखाली आणखी एक कोरी येते, तीही सेव्ह होते. काही दिवसांत फॉर्म कोऱ्या ओळींनी भरून जातो.

एककाच्या ड्रॉपडाउनला आधीच निवडलेला पर्याय असेल तर आणखी एक बारकावा आहे. एडिटरने काहीही न भरता एकक ‘मीटर’ म्हणून येतंच. त्यामुळे ‘माप’ रिकामं केव्हा, हे फक्त संख्येवर ठरवायला हवं: ती नल किंवा कोरी स्ट्रिंग असेल तर रिकामं, एकक काहीही असो. हा निर्णय फील्ड टाइपचा आहे, विजेटचा नाही. विजेटमध्ये कोऱ्या ओळी गाळून काम भागतं असं वाटतं, पण मायग्रेशनने किंवा जेसन एपीआयने आलेला डेटा विजेटमधून जातच नाही.

#व्हॅल्यू आणि #डिफॉल्ट_व्हॅल्यू

एलिमेंटवर #व्हॅल्यू दिली की फॉर्म बिल्डर यूजरने काय भरलं ते विचारतच नाही. टेक्स्टफील्डवर असं कोणी सहसा करत नाही. पण ‘हिडन’वर हमखास होतं. नकाशावर बिंदू निवडणारं, रंग निवडणारं, ओढून क्रम लावणारं विजेट घ्या. दिसायला जावास्क्रिप्टचा खेळ, आणि निकाल साठवायला एक हिडन रकाना. हिडनला #व्हॅल्यू द्यायची सवय साध्या फॉर्मांतून लागलेली असते. ब्राउझरच्या इन्स्पेक्टरमध्ये नवी व्हॅल्यू दिसते, नेटवर्क टॅबमध्ये ती सर्व्हरकडे जातानाही दिसते, आणि सर्व्हरवर जुनीच उभी. जावास्क्रिप्टने बदलायच्या हिडनला नेहमी #डिफॉल्ट_व्हॅल्यू. आणि #टाइप ‘व्हॅल्यू’ हा वेगळाच प्रकार आहे, तो ब्राउझरकडे जातच नाही, त्यामुळे स्क्रिप्टला तो सापडणारही नाही.

याच घरातला दुसरा प्रकार म्हणजे #डिसेबल्ड. ही प्रॉपर्टी ट्रू असेल तर सर्व्हर त्या एलिमेंटचं इनपुट घेत नाही, डिफॉल्टवरच राहतो. हे सुरक्षेसाठी मुद्दाम आहे. पण पानावर स्क्रिप्टने तो रकाना नंतर खुला करायचा बेत असेल तर #डिसेबल्ड चालणार नाही. #ॲट्रिब्यूट्समध्ये डिसेबल्ड द्या. मग खुला झाला तर व्हॅल्यू स्वीकारली जाते. नुसतं वाचायला दाखवायचं असेल तर ‘रीडओन्ली’ ॲट्रिब्यूट बरं, पण ते फक्त ब्राउझरपुरतं, सर्व्हरला त्याचं सोयरसुतक नाही.

#स्टेट्सबद्दल एवढंच: ते पूर्णपणे ब्राउझरमध्ये चालतं. लपवलेल्या रकान्यातली व्हॅल्यू तरीही जाते आणि सेव्ह होते, आणि #स्टेट्सने ‘आवश्यक’ केलेलं फील्ड सर्व्हर तपासत नाही. त्यासाठी वेगळं व्हॅलिडेशन लिहावं लागतं.

एलिमेंट परत काय देतो ते बघा

प्रत्येक एलिमेंट साधी स्ट्रिंग देत नाही. टेक्स्ट_फॉर्मॅट दोन खणांचा ॲरे देतो, मजकूर आणि फॉर्मॅट. तो तसाच एका कॉलमकडे गेला तर काम फसतं. चेकबॉक्सेसमध्ये न निवडलेले पर्यायही ० म्हणून येतात, ते गाळून घ्या. डेटटाइमकडून तारखेचा ऑब्जेक्ट येतो; कोअर तारखा यूटीसीमध्ये साठवतो, त्यामुळे रूपांतर करताना टाइमझोन सोडला तर मध्यरात्रीच्या आसपासची तारीख एक दिवस सरकते. एंटिटी_ऑटोकम्प्लीटला डिफॉल्ट म्हणून आयडी दिला तर सरळ एक्सेप्शन येतं, त्याला लोड केलेली एंटिटी लागते. हा दोष निदान आरडाओरडा तरी करतो.

मॅनेज्ड_फाइल मात्र खरा लबाड. त्याच्याकडून फाइल आयडींचा ॲरे येतो, त्यातला पहिला काढून तुम्ही आपल्या कॉलममध्ये ठेवता, चित्र पानावर दिसतं, काम बंद करून सगळे घरी जातात. दुसऱ्या दिवशी चित्र नाही. अपलोड झालेली फाइल सुरुवातीला ‘तात्पुरती’ असते, आणि तात्पुरत्या फाइली ठरावीक मुदतीनंतर क्रॉन (ठरावीक वेळाने आपोआप चालणारा कामांचा फेरा) पुसून टाकतो. कोअरची ठरलेली मुदत २१६०० सेकंद, म्हणजे ६ तास. कोअरचं फाइल फील्ड एंटिटी सेव्ह होताना फाइल कायम करतं आणि तिच्या वापराची नोंद घेतं. तुमच्या स्वतःच्या कॉलमसाठी हे कोणी करत नाही. फील्ड टाइपच्या पोस्टसेव्हमध्ये फाइल कायम करून ‘फाइल यूसेज’ सेवेत नोंद करा, आणि डिलीटमध्ये ती नोंद काढा. त्याहून सोपं म्हणजे फील्ड टाइप फाइलआयटमवरूनच वाढवा, आणि फाइलींची देखभाल कोअरवर सोडा. विजेटमध्ये हे करू नका. मसाज एकापेक्षा जास्त वेळा चालते हे वर आलंच आहे.

एजॅक्समध्ये अडकलेलं

आता ‘माप’मध्ये आधी प्रकार निवडायचा, लांबी की वजन, आणि त्यानुसार एककं बदलायची. बरेच जण हे फक्त स्क्रिप्टने करतात: प्रकार बदलला की ड्रॉपडाउनमध्ये नवे पर्याय भरायचे. मग सेव्हला ‘इललीगल चॉइस’चा संदेश येतो, नव्या आवृत्त्यांत शब्द बदललेत, अर्थ तोच, की पाठवलेली व्हॅल्यू चालत नाही. सर्व्हरने दिलेल्या #ऑप्शन्समध्ये ‘किलोग्रॅम’ नव्हतंच, तो बरोबरच बोलतोय. यावर #व्हॅलिडेटेड ट्रू करून तपासणी बंद करण्याचा सल्ला सर्रास मिळतो. माझ्या मते तो कुलूप अडकतं म्हणून दारच काढून ठेवण्यासारखा आहे. मग कोणीही काहीही पाठवू शकतं.

पर्याय सर्व्हरवर बनवायचे, आणि तेही फॉर्मएलिमेंटमध्येच. निवडलेला प्रकार आधी फॉर्म स्टेटमधून वाचा. तिथे नसेल तर आयटममधून. तिथेही नसेल तर ठरलेला. वाचताना पत्ता #फील्ड_पेरेंट्स, फील्डचं नाव, डेल्टा, ‘प्रकार’ असा पूर्ण बांधा. एजॅक्स (पूर्ण पान पुन्हा न उघडता सर्व्हरशी बोलणं) कॉलबॅकने फक्त तयार झालेला तुकडा परत द्यायचा. कॉलबॅकमध्ये नवा एलिमेंट जोडला तर तो पानावर दिसतो, पण सर्व्हरच्या फॉर्ममध्ये तो कधी नव्हताच, त्यामुळे सेव्हच्या वेळी त्याची व्हॅल्यू टाकून दिली जाते. ‘एजॅक्सने आलेला रकाना सेव्ह होत नाही’ या तक्रारीत हेच बघायचं असतं.

फॉर्म स्टेटमधून प्रकार नलच मिळतोय? ट्रिगर करणाऱ्या एलिमेंटवर #लिमिट_व्हॅलिडेशन_एरर्स रिकाम्या ॲरेसह आहे का पाहा. त्याचं काम फक्त चुका दाबणं नाही. यादीत नसलेल्या व्हॅल्यू तो फॉर्म स्टेटमधून काढूनही टाकतो. ‘प्रकार’चा पत्ता त्या यादीत घाला.

आणि रिबिल्डमध्ये (सर्व्हर फॉर्म पुन्हा बांधतो तेव्हा) #डिफॉल्ट_व्हॅल्यू बदलली तरी रकान्यात जुनंच दिसतं, हा प्रश्न वारंवार येतो. कारण रिबिल्डमध्येही यूजर इनपुट हजर असतं, आणि डिफॉल्टपेक्षा त्याचं वजन जास्त. तो रकाना नव्याने भरायचा असेल तर यूजर इनपुटमधून तेवढी की काढून परत ठेवा.

स्क्रिप्टवाल्या विजेटांत ‘आणखी एक जोडा’ दाबल्यावर नव्या ओळीत काहीच चालत नसेल तर दोन गोष्टी बघा. एजॅक्सने आलेल्या एलिमेंटच्या एचटीएमएल आयडीला मागे शेपूट लागतं, म्हणून आयडीवर लिहिलेला सिलेक्टर चुकतो. ‘डेटा-ड्रुपल-सिलेक्टर’ किंवा स्वतःचा क्लास वापरा. आणि कोड ड्रुपल बिहेवियर्समध्ये हवा, पान लोड होताना एकदा चालणारा नको. ड्रुपल १० मध्ये जेक्वेरी वन्सची लायब्ररी कोअरमधून गेली. जुन्या स्क्रिप्ट तिथे कोलमडतात आणि हिडन रकाना भरलाच जात नाही. कन्सोल उघडला की लाल ओळ लगेच दिसते.

अपग्रेडनंतर बंद पडलेलं

विजेट कालपर्यंत चालत होतं आणि ९ वरून १० वर गेल्यावर बदल लागू होईनात, तर मॉड्यूलमध्ये ‘हुक_फील्ड_विजेट_फॉर्म_ऑल्टर’ शोधा. ९.२ मध्ये तो कालबाह्य ठरला आणि १० मध्ये काढला. त्याच्या जागी ‘हुक_फील्ड_विजेट_सिंगल_एलिमेंट_फॉर्म_ऑल्टर’ आहे, आणि सगळ्या डेल्टांसकट पूर्ण विजेटसाठी ‘कम्प्लीट_फॉर्म’वाला. जुन्या नावाचं फंक्शन फाइलमध्ये पडून राहतं, कोणी हाक मारत नाही, एररही नाही.

साध्या फॉर्म ऑल्टरमधून फील्ड बदलणाऱ्यांसाठी: पत्ता फील्डचं नाव → विजेट → ० → प्रॉपर्टी असा असतो. सिलेक्ट, रेडिओ, चेकबॉक्सेस ही विजेटं मात्र सगळ्या व्हॅल्यू एकत्र हाताळतात, तिथे ० नाही, #ऑप्शन्स थेट ‘विजेट’वर असतात. अस्तित्वात नसलेल्या पत्त्यावर लिहिलं तरी पीएचपी खुशाल नवा ॲरे बनवतो, म्हणून चूक कळत नाही.

विजेटचं सेटिंग ‘मॅनेज फॉर्म डिस्प्ले’वर बदललं आणि सेव्ह केल्यावर पूर्ववत झालं, तर ती की ‘डिफॉल्टसेटिंग्ज’मध्ये आहे का तेवढं पाहा. तिथे नसलेल्या की ड्रुपल गाळून टाकतो. स्कीमा फाइलमध्येही ती नोंदवा.

फक्त मोठ्या फॉर्मवर, फक्त खालची फील्ड

वरचं सगळं तपासून झालं, तेच विजेट छोट्या कंटेंट टाइपवर ठणठणीत आहे, पण पन्नासेक पॅरेग्राफ असलेल्या पानावर शेवटची फील्ड कोरी राहतात. इथे ड्रुपलचा दोषच नाही. पीएचपीचं ‘मॅक्स_इनपुट_व्हार्स’ हे सेटिंग एका विनंतीत किती इनपुट घ्यायची ते ठरवतं. मूळ मर्यादा १०००. बहुव्हॅल्यू फील्डात प्रत्येक ओळीची संख्या, एकक, वेट अशी तीन इनपुट धरली तरी हजाराचा आकडा वाटतो त्यापेक्षा लवकर गाठला जातो. मर्यादेपलीकडचं पीएचपी टाकून देतो आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये एक वॉर्निंग लिहितो. ड्रुपलच्या लॉगमध्ये शोधून ती सापडत नाही, कारण हे ड्रुपल सुरू होण्याआधीच घडलेलं असतं. कधी कधी दाबलेलं बटणच कापल्या गेलेल्या भागात असतं, मग ‘आणखी एक जोडा’ दाबूनही काही होत नाही किंवा भलतंच बटण दाबल्यासारखं वागतं.

मर्यादा वाढवा, पण योग्य फाइलमध्ये. कमांड लाइनवर पीएचपी जी सेटिंग्ज दाखवतो ती वेब सर्व्हरची असतीलच असं नाही, दोघांच्या इनी फाइली बहुधा वेगळ्या असतात. बदल केल्यावर पीएचपी-एफपीएम रीस्टार्ट करा आणि ‘स्टेटस रिपोर्ट’मधून उघडणाऱ्या पीएचपीच्या पानावर नवा आकडा आलाय का ते पाहा. तिथे अजून १००० दिसत असेल तर चुकीची फाइल बदलली गेली. लोड झालेल्या इनी फाइलचा पूर्ण पत्ता त्याच पानावर वरच्या तक्त्यात दिलेला असतो.